गंधक बुडालं तेव्हा

तुमच्या घरात सातव्या-आठव्या महिन्यातली बाई असेल, तर तिचे तळहात आणि तळपाय खाजतात का, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे?

डोहाळे विचारले असतील. पोट पुढे आलं की बाजूला पसरलं, यावरून मुलगा की मुलगी याचा निकालही लावून टाकला असेल. खाज मात्र विचारली नसेल. मलाही कोणी विचारली नव्हती. ती डोहाळेजेवणात सगळ्यांसमोर उघड झाली तेव्हा बाया हसल्या, आणि त्या हसण्यात मीही होते.

सहानुभूती मिळावी म्हणून मी हे लिहीत नाही. माझं लेकरू आणि मी ज्या भीतीतून गेलो, ती दुसऱ्या एखाद्या बाईला माझ्यापेक्षा लवकर वाटावी, एवढ्यासाठी लिहिते आहे. वेळेवर वाटलेली भीती कामाला येते.

मी अमरावतीची. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि दिवसाचं काम संपलं की सभांची पत्रकं छापून द्यायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. जातीविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, मजुरीच्या दराची. बाबांनी घरातले देव काढले तेव्हा मी मॅट्रिकला होते. लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांखाली पत्रकांचा गठ्ठा होता. मी नवऱ्याला मधुकर अशी नावानं हाक मारते, हा विषय आमच्या गल्लीला पुष्कळ दिवस पुरला. सासूला मात्र इकडच्या रीतीनं आत्याबाईच म्हणते. त्यांची हयात सरकी काढायच्या जिनात कापूस वाहण्यात गेली. देव त्यांनी माझ्या वडिलांइतक्याच निर्धारानं सोडले होते, पण बाळंतपणातल्या समजुती काही देवघरात राहत नाहीत. त्या चुलीपाशी राहतात, म्हणून त्या कोणी बाहेर काढल्या नव्हत्या.

आणि माझ्या त्या गठ्ठ्यात बाईच्या शरीराबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं.

जावळ

खाज तळपायांना सुरू झाली. पुरळ नाही, गांधी नाहीत, डासही नव्हते. कातडीच्या आत कोणीतरी कुसळं पेरल्यासारखं वाटायचं. चार दिवसांत तळहात धरले. दिवसा कामात विसर पडायचा, अंथरुणावर पाठ टेकली की पुन्हा सुरू. मी न्हाणीतली पाय घासायची वज्री उशाला घेऊन झोपायला लागले.

सातव्या महिन्याच्या डोहाळेजेवणाला मला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं होतं. भरवायला बाया रांगेत. पुरणपोळी, बासुंदी, बुंदीचे लाडू. मी एका हातानं घास घ्यायची आणि दुसरा हात पाटाच्या कडेला घासायची. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "लेकराले जावळ येऊन राहिलं. केस टोचतेत मायले. चांगलं असते ते."

शेजारच्या सुभद्राकाकू म्हणाल्या, "एवढी खाज? मंग तं अस्वलच येते, बाप्पा."

बाया हसल्या. मी हसले आणि पुढचा लाडू खाल्ला.

आज त्या दुपारचा विचार केला की मला एक गोष्ट आठवते. सगळ्या हसत असताना आत्याबाई हसल्या नव्हत्या. वाक्य बोलून त्या आत निघून गेल्या होत्या.

रस

पंधरवड्यानं मधुकर मला अंगणातल्या उजेडात पाहून थांबला आणि म्हणाला, डोळे बघ जरा आरशात. डोळे पिवळे होते. लघवी कडक चहासारखी होत होती, ते मला आधीच दिसलं होतं, पण मी ते उन्हाळ्यावर ढकललं होतं. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगायला नको.

कावीळ म्हटल्याबरोबर गल्ली जागी झाली. बाळापूरला एक माणूस आहे, तो चुन्याच्या पाण्यानं हात धुतो, पाणी पिवळं पिवळं होऊन परातीत उतरतं, तीन वेळा गेलं की माणूस बरा. मधुकरच्या चुलत्यांनी बैलगाडी सांगायचीही तयारी केली. मी साफ नाही म्हटलं. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला की चुन्याचं पाणी निरोग्याचंही पिवळं होतं, हे मी लहानपणीच एका पत्रकात वाचलेलं होतं. मी ते सगळ्यांना ऐकवलं. चुलते म्हणाले, सून शिकलेली हाय, तिले कोन शिकवन. आत्याबाई माझ्याविरुद्ध एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझं म्हणणं त्यांना पटलं.

मग तडजोड झाली ती उसाच्या रसावर. रस गार, रस कावीळ धुऊन नेतो, रसात मंत्र नाही आणि अंगाराही नाही. मला तो पूर्ण शास्त्रीय वाटला. जवळच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनंही मान डोलावली आणि वर ग्लुकोजचा डबा दिला. मधुकर सकाळ-संध्याकाळ रसवंतीवरून डोलची भरून आणायचा. भेटीला येणारा प्रत्येकजण काही ना काही गोड घेऊन यायचा: बत्तासे, खडीसाखर, मोर्शीकडून आलेल्या एका नातेवाइकानं संत्र्याच्या पाकाची बरणी. काविळीच्या माणसाला गोड द्यायचं, हे इकडे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही.

रस प्यायला की तहान लागायची. तहान लागली की मी रस मागायची. जीभ टाळूला चिकटायची, रात्रभर उठून मोरीवर जावं लागायचं, आणि सगळे म्हणायचे, बघा, कावीळ धुऊन चालली.

खाज मात्र वाढत होती.

शांता

त्या दुपारी घरात मी आणि आत्याबाई दोघीच होतो. मी जमिनीवर बसून वज्रीनं पाय घासत होते आणि टाचेतून रक्त आलं तरी थांबता येत नव्हतं. आत्याबाई आल्या, वज्री माझ्या हातातून काढून घेतली, समोर बसल्या आणि माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. आमच्याकडे सासू सुनेचा पाय मांडीवर घेत नाही. मी ओढायला गेले, त्यांनी घट्ट धरला आणि ओल्या फडक्यानं पुसू लागल्या.

मग खाली बघतच त्या बोलल्या. "शांतेलेबी अशीच खाज होती."

शांता माझी नणंद, चांदूर रेल्वेला दिलेली. तिचं पहिलं मूल गेलं, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं.

"तिनं मले सांगतलं तं मी म्हनलं, जावळ येऊन राहिलं. नवव्यात पोट हालनं बंद झालं. लेकरू निंगालं तं डोक्शावर खरंच लय केस होते, काळेभोर." त्यांनी फडकं पिळलं. "पन ते रडलंच नाई."

मी माझ्या पोटावर हात ठेवला. आत बाळ हललं. आधी मी त्या हलण्यानं सुखावायची. त्या क्षणापासून बाळ जन्मेपर्यंत प्रत्येक हालचाल म्हणजे मला फक्त पुढची हालचाल येईपर्यंतची मुदत वाटत राहिली.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "गर्भार बाईले असं सांगते का कोनी? आन मले वाटे, बोललं तं होईन."

मला संताप आला. ओरडावंसं वाटलं. पण माझा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि त्या तो अजून पुसत होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, आता काय करायचं. त्या उठल्या आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"अमरावतीले चाल. आजच. मधूले स्टेशनावरून निरोप धाडू."

पहिलं बाळंतपण माहेरी, त्याला सासू सोबत जात नाही. आत्याबाई आल्या. पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मला देऊन त्या मधल्या वाटेत बसल्या, आणि प्रत्येक स्टेशनावर एकच विचारत राहिल्या: "हाललं का?"

दोन नळ्या

अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "खाज आधी आली की पिवळेपणा?"

खाजेबद्दल मला विचारणारी ती पहिली व्यक्ती. उत्तर देताना मला रडू फुटलं, आणि त्यांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

तपासणी त्यांनी माझ्यासमोरच केली. एका काचेच्या ग्लासात माझी लघवी होती. त्यांनी तिच्यावर चिमूटभर गंधकाची पूड भुरभुरली. म्हणाल्या, निरोगी माणसाच्या लघवीवर ही तरंगते, पित्त असेल तर बुडते. आम्ही तिघी बघत राहिलो. पूड क्षणभर वर राहिली आणि मग पिवळ्या धुरळ्यासारखी सावकाश खाली जाऊन तळाशी बसली.

मग त्यांनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि उकळी फुटली तेव्हा नळीत वीट दळून टाकल्यासारखा लाल गाळ होता. डॉक्टरीणबाईंनी नळी दिव्यावरून काढली आणि विचारलं, काय काय पोटात जातंय.

आत्याबाईंनी सांगितलं. रस सांगताना त्यांचा आवाज मोठा झाला, कारण त्या सगळ्या यादीत तेवढंच आपण बरोबर केलं असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नळी स्टँडात ठेवली आणि हात पुसले.

म्हणाल्या, "पित्त आतड्यात जायला हवं. तुमचं रक्तात उतरतंय. ते कातडीत जातं, म्हणून खाज. यात आईला सहसा धोका नसतो. पोटातल्या बाळाला असतो." आणि नळीकडे बोट दाखवून, "ही साखर. हिनंही बाळाला धोका असतो. तुम्हाला दोन्ही आहेत."

मी विचारलं, एकातून दुसरं आलं का. पित्तामुळे साखर झाली का.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "रसानं वाढवली हे नक्की. पण नुसता रस प्यायल्यानं कोणाची नळी इतकी लाल होत नाही. खाज घेऊन येणाऱ्या काही बायकांत मी साखर पाहिली आहे. का होते ते मला पुस्तकात सापडलेलं नाही. तुम्हाला कोणी ठामपणे सांगितलं तर त्याला पुरावा मागा."

'माहीत नाही' असं तोंडावर सांगणारं शहाणं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. भीती कमी झाली नाही. पण भीतीत उभं राहायला जागा मिळाली.

खाट

खिडकीजवळची लोखंडी खाट. सकाळी लघवीची बाटली, नळी, दिवा. मग सुई. रस, गूळ, साखर, भात, तूप सगळं बंद. भाकर, पातळ वरण, मेथी. रस बंद झाल्यावर नळी लालवरून पिवळ्यावर आली, पण निळी राहीना, म्हणजे साखर उरलीच होती, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. सुईची काचेची पिचकारी उकळताना तिचा जो किणकिण आवाज येतो, तो ऐकला की मांडी आपोआप आखडायची.

मग लाकडी कर्णा. बाळाचे ठोके ऐकायला सिस्टर तो पोटावर टेकवून कान लावायच्या आणि डोळे मिटायच्या. त्यांचे डोळे उघडेपर्यंत मी श्वास घेत नसे. कधी त्या कर्णा उचलून दुसरीकडे टेकवायच्या, पुन्हा तिसरीकडे. बाळाची पाठ कुठे वळली ते शोधत असत, एवढंच. पण तेवढ्यात मी मनात शांताचं काळ्याभोर केसांचं लेकरू पाहून यायची.

बाबा रोज संध्याकाळी येत. मुलीशी काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून पत्रक वाचून दाखवत. 'उठा, संघटित व्हा' असं ते खड्या आवाजात वाचू लागले, तेव्हा पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण म्हणाली, "काका, टाके पडले हायेत मले. उद्या उठतो." वॉर्डभर हसू पसरलं. मीही पोट धरून हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की बाळ बराच वेळ हललेलं नाही. हसू तिथेच थिजलं. थोड्या वेळानं ते हललं. दिवस असे जात.

मधुकर अकोल्याहून सुट्टी घेऊन आला. तो घाबरला होता आणि घाबरलेला माणूस दोष शोधतो. बोलता बोलता म्हणाला, चुलते म्हणतात त्या बाळापूरवाल्याला इथे आणून एकदा हात धुवायला काय हरकत आहे, सुई चालू राहू दे, तेही होऊ दे. बुवाबाजीविरुद्ध माझ्याबरोबर भिंतीवर पत्रकं चिकटवणारा माणूस हे बोलत होता. मी म्हटलं, मी मेले तरी नाही. तो म्हणाला, तू नाही, लेकरू मरेल, तुझ्या हट्टापायी.

त्याच्या तोंडून ते वाक्य आलं आणि खाटेभोवतीची हवा संपली. मला खरोखर वाटलं, होऊ दे. आणा त्याला. माझ्या सगळ्या पत्रकांची किंमत बाळाच्या एका लाथेएवढीही नाही. मी तोंड उघडणारच होते.

आत्याबाई जमिनीवर बसून फडकं पिळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शांतेची कावीळ त्यानंच उतरवली होती, मधू. मीच नेलं होतं तिले. परात भरून पिवळं पानी निंगालं." फडकं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "लेकरू तरीबी मेलं."

मधुकर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं दुसरं फडकं भिजवलं. त्या दिवसापासून माझा एक तळहात आई पुसायची आणि एक मुलगा. एवढी माया मला त्या खाटेवर मिळाली, आणि खाज तरीही थांबत नव्हती. दोन्ही खरं आहे.

जन्म

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नववा पुरा भरू देणार नाही. शेवटच्या दिवसांतच ही मुलं हातची जातात, पण फार लवकर काढलं तर श्वास घेत नाहीत. मधला दिवस निवडायचा, आणि तो चुकूही शकतो. त्यांनी हे माझ्यापासून लपवलं नाही.

कळा आणल्या. दिवसभर उन्हाचा भपका, पंखा बंद, सिस्टर कर्णा घेऊन शेजारी. संध्याकाळी मुलगी झाली. मोठी, लालबुंद. डोक्यावर केस. दाट, काळेभोर.

ती रडली नाही.

दाराशी आत्याबाई होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे, आणि आम्हा दोघींना एकच लेकरू दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला पायांनी उलटं धरून पाठीवर चापट मारली. पुन्हा मारली. मग खरखरीत, चिडका, बारीक आवाज आला.

आत्याबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

रात्रभर सिस्टर बाळाला चमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजत होत्या. आईच्या रक्तातली साखर अचानक बंद झाली की बाळाची फार खाली उतरते, म्हणून. ज्या साखरेनं मला एवढं भेडसावलं, तिच्याच थेंबांवर माझ्या मुलीनं ती रात्र काढली. आत्याबाईंनी चमच्याकडे बोट दाखवून विचारलं, "आता हे चालते का?" सिस्टर म्हणाल्या, आता चालतं, आजी. आत्याबाईंनी मान डोलावली, पण त्या पाण्यावर त्यांचा विश्वास अजून बसलेला नाही.

आता

खाज आठवड्यात गेली. डोळे पांढरे झाले. इन्सुलिन थांबलं, आणि घरी जायच्या आधी नळी एकदाची निळी राहिली. मी आनंदानं रडत होते तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर पाहुणी म्हणून आली होती. गेली. पण घर तिनं पाहून ठेवलंय. पुढच्या खेपेला येईल, किंवा पाच-दहा वर्षांनी कायमची राहायला येईल. नाहीही येणार. तुम्ही दार तपासत राहा."

म्हणून माझ्या घरात आता स्पिरिटचा दिवा आहे आणि निळ्या औषधाची बाटली. दर दोन महिन्यांनी मी नळी उकळते. निळी राहिली तर मुलीला उचलून घेते. मला अजून भीती वाटते, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही. तिच्यामुळेच मी नळी उकळते.

यंदाच्या उन्हाळ्यात शांताला पुन्हा दिवस गेले. आत्याबाई दर आठवड्याला चांदूर रेल्वेला जातात. दारात पाऊल टाकल्यावर चहा नाही, पाणी नाही, त्या आधी शांताचा हात धरतात, तळवा उजेडाकडे वळवतात आणि विचारतात. शांता हसत नाही, खरं सांगते. अजूनपर्यंत ती नाही म्हणाली आहे. सातवा आता लागेल.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. हे वाचून ठेवून देऊ नका. तुमच्या घरात, शेजारी, मळ्यात, जिनात जी कोणी गर्भार आहे, तिच्याकडे आजच जा. वाचता येत नसेल तर तिला हे वाचून दाखवा आणि तिच्या सासूलाही जवळ बसवा. तळहात-तळपाय खाजतात का, याला ती हो म्हणाली तर जावळाची गोष्ट सांगू नका, रस आणू नका, परात मांडू नका. सकाळची लघवी धुतलेल्या बाटलीत घ्या, तिला घेऊन दवाखान्यात जा, आणि पित्त आणि साखर, दोन्हींची तपासणी होईपर्यंत तिथून उठू नका.

पण आधी विचारा. तिचा हात हातात घेऊन विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत तो सोडू नका.